अग्निशमन, अग्नीशमन, अग्निशामक... आणि आग विझली की विझवली?

विचारणा अशी आहे: सोसायटीतल्या लाल सिलिंडरवर 'अग्नीशमन यंत्र' लिहिलंय, नगरपालिकेच्या गाडीवर 'अग्निशमन दल' आणि भरतीच्या जाहिरातीत 'अग्निशामक', तर यातलं बरोबर कुठलं? आणि विचारणाऱ्याने स्वतःच पुढे शेपूट जोडलंय की बंबवाल्यांनी वेलांटी कुठलीही दिली तरी काय बिघडतं, आग विझल्याशी मतलब.

वेलांटीचं आधी उरकून टाकतो, त्यात फार दम नाही. 'अग्नि' हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, मराठीत तो एकटा आला की दीर्घ लिहायचा, अग्नी, जसं कवी, रवी, हरी. समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व तसाच ठेवायचा, म्हणून अग्निशमन, अग्निसुरक्षा, अग्निकुंड, अग्निवीर. शेवटी आला की परत दीर्घ, जठराग्नी, आणि प्रत्यय लागला तरी दीर्घच, अग्नीला, अग्नीपासून. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांत हे आहे. म्हणजे 'अग्नीशमन' चूक. राहिलं शमन आणि शामक. शमन म्हणजे शांत करणं, शामक म्हणजे शांत करणारा, पित्तशामक गोळीतला आहे तोच, त्यामुळे अग्निशमन दल आणि अग्निशामक दल दोन्ही चालतं, पण माणसाच्या पदाला अग्निशामकच. पिंपरी-चिंचवडच्या भरतीत 'अग्निशामक विमोचक' असं भारदस्त पद असतं, म्हणजे आपला फायरमन रेस्क्युअर, आणि स्टेशनात त्याला कोणी 'अहो विमोचक' म्हणून हाक मारत असेल तर मी मिशी उतरवीन. पुण्यात तांडेल हे पद मात्र बोलण्यातही आहे, मूळचा गलबतावरचा शब्द, तो बंबावर छान रुळलाय. आणि बंब स्वतः पोर्तुगीज 'बोंबा'वरून आलाय असं मानतात, त्यांच्याकडे बोंबा म्हणजे पंप आणि आग विझवणारा तो 'बोंबेइरो'. असो.

आता शेपटाकडे येतो. 'अग्नीशमन' लिहिल्याने कोणाचं घर जळत नाही हे मलाही मान्य आहे. पण शुद्ध लिहिणं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ हा जो शाळेपासून आपला समज बसलाय ना, सगळा घोळ तिथे आहे, कारण बंबवाल्यांच्या लिखाणात वेलांटी फार मागे येते, पुढे असतं ते क्रियापद. आणि हे लोक लिहितात भरपूर. वर्दी म्हणजे आगीची खबर किती वाजता आली, गाडी कधी निघाली, कधी पोचली, काय दिसलं, काय केलं, कोणाला बाहेर काढलं, हे प्रत्येक वेळी कोणीतरी नोंदवत असतं, तेही बऱ्याचदा रात्रभर धूर खाऊन आल्यावर, आणि मग त्यातूनच आगीचा दाखला निघतो जो विमा कंपनी, पोलीस, कधी कोर्ट असा वर्षानुवर्षं फिरत राहतो.

आता एकच क्रियापद घ्या. 'दुकानाची आग पहाटे ५ वाजता विझली' आणि 'दुकानाची आग पहाटे ५ वाजता विझवली'. एका 'व'चा फरक, पण विझवली म्हणजे जवानांनी पाणी मारून विझवली, आणि विझली म्हणजे कदाचित आतला माल संपला म्हणून आपोआप थंडावली. तिसरं 'पोचलो तेव्हा आग विझलेली होती', म्हणजे शेजाऱ्यांनी बादल्या मारून काम आधीच केलं होतं. उद्या कोणी विचारलं की गाडी वेळेत पोचली होती का, तर उत्तर या तीन रूपांतच आहे आणि ते नंतर आठवून सांगता येत नाही, जे लिहिलंय तेच खरं धरलं जातं. तसंच 'आटोक्यात आली' आणि 'विझवली' यांचं. पेपरात दोन्ही एकाच दमात येतात, पण आटोक्यात म्हणजे आता पसरणार नाही एवढंच, आत जळतंय अजून. त्यानंतर विझवणं आणि त्यानंतर कूलिंग, कारण कापसाच्या गठाणी किंवा रद्दीचं गोदाम वरून विझलेलं दिसलं तरी आत धुमसत राहतं आणि परत पेट घेतं. 'आटोक्यात'च्या जागी कोणी उत्साहाने 'विझली' असा मेसेज टाकला की तो फिरत फिरत मालकापर्यंत जातो आणि मालक शटर उचलून गल्ला बघायला आत शिरतो.

दरवाज्याचं तर विचारूच नका. सरकारी लिखाणात कर्मणीची एक लकब आहे, 'दरवाजा तोडण्यात आला'. कोणी तोडला? 'जवानांनी कटरने कुलूप तोडून आत प्रवेश केला' ही एक गोष्ट झाली आणि 'पोचलो तेव्हा कुलूप तुटलेले आढळले' ही अगदी वेगळी, दुसऱ्या वाक्यात चोरीचा किंवा मुद्दाम आग लावल्याचा वास आहे आणि पोलीस तिथूनच सुरुवात करणार. 'तोडण्यात आला' लिहिलं की दोन्हींची सरमिसळ होते. मी कर्मणीच्या विरोधात नाही, पण अहवालात कर्ता लपवायची सवय वाईट.

'असावी'वर तर मी जीव टाकतो. शाळेत विध्यर्थ शिकवताना आज्ञा, इच्छा, कर्तव्य यांच्या जोडीला तर्क हाही अर्थ सांगतात, आपण तो घोकतो आणि विसरतो. 'शॉर्टसर्किटमुळे आग लागली' आणि 'शॉर्टसर्किटमुळे आग लागली असावी' यात नेमका तोच फरक आहे, पहिला निकाल, दुसरा तर्क. धूर निघत असताना उभ्या उभ्या कारण कळत नसतं म्हणून चांगला अधिकारी 'असावी' लिहितो किंवा 'प्राथमिक अंदाज' लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी बातमीत ते 'असावी' गळून पडलेलं असतं. मुंबईच्या आगींच्या माहितीत एक ठरलेली वाक्यरचना दिसते, आग इलेक्ट्रिक वायरिंग, इलेक्ट्रिक इन्स्टॉलेशन, लाकडी फर्निचर वगैरेंपुरती मर्यादित होती. लोकांना ते रटाळ वाटतं. मला तो 'पुरती' फार प्रामाणिक वाटतो, काय जळत होतं ते सांगतो आणि कशामुळे याबद्दल अवाक्षर काढत नाही. 'जळून खाक', 'भस्मसात' हे बातमीत शोभतं, अहवालात काय पूर्ण जळालं, काय अर्धवट जळालं, काय नुसतं धुराने काळवंडलं आणि काय पाण्याने भिजलं ते वेगवेगळं यायला हवं, कारण विम्याचा सर्व्हेअर तेच बघतो.

मराठीची एक खास खोड इथे सांगायलाच हवी, आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'चौथ्या मजल्यावर कोणी अडकलेलं नाही' हा मेसेज वायरलेसवर शेवटी खरखरला तर ऐकणाऱ्याला मिळतं 'चौथ्या मजल्यावर कोणी अडकलेलं...' आणि माणसं उगाच वर धावतात. उलटं झालं तर त्याहून वाईट. म्हणून अशा ठिकाणी नकार टाळून होकारात सांगणं बरं, 'चौथा मजला रिकामा, सगळे खाली'. बोर्डांवर हीच गोष्ट डोळ्यांनी बघता येते: 'आग लागल्यास लिफ्टचा वापर' एका ओळीत आणि 'करू नये' खालच्या ओळीत, अक्षर मोठं केल्यामुळे 'नये' पार कडेला गेलेलं, आणि मग त्यावरच कोणीतरी मेंटेनन्सची नोटीस चिकटवलेली. वाचायला काय उरतं? आग लागल्यास लिफ्टचा वापर करू. 'टाळा' किंवा सरळ 'जिन्यानेच उतरा' लिहिलं असतं तर अर्थ फिरला नसता. काळाचंही तसंच, 'तीन जण अडकले होते' वाचून कोणी शिडी लावत नाही, 'अडकले आहेत' वाचून लावतो.

पत्ता हा आणखी एक छळ. पिंपरी-चिंचवडमध्ये पिंपळे गुरव, पिंपळे निलख, पिंपळे सौदागर, तिन्ही आसपास, त्यामुळे नुसतं 'पिंपळे' लिहून वर्दी पुढे पाठवणं म्हणजे गाडीला भोज्ज्या शिवायला पाठवणं. पुण्यातल्या कोंढवा खुर्द आणि कोंढवा बुद्रुक यांचा फरक कागदावर 'खु.' आणि 'बु.' एवढाच असतो, आणि घाईच्या अक्षरात ते दोन्ही एकमेकांची सोंगं घेतात, तिथे पूर्ण शब्द लिहायला तीन सेकंद जास्त लागतात फक्त. मजल्यांचं अजून मजेशीर. 'तीन मजली इमारत' म्हणजे तळमजला धरून तीन की सोडून तीन? घरोघरी वेगळं उत्तर मिळेल, म्हणून अहवालात 'तळ अधिक ३' लिहितात, आणि ते बोजड दिसलं तरी त्याच्याइतकं स्वच्छ दुसरं काही नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा गोंधळ दुप्पट, तिकडे फर्स्ट फ्लोअर म्हणजे जमिनीलगतचा, इकडून गेलेला माणूस फोनवर सवयीने एक मजला खालचा सांगून बसतो. वेळेचंही एक, '१४ तारखेच्या रात्री साडेबारा' ही नक्की कुठली तारीख, म्हणून ००.३० लिहावं.

आणि बंबवाले नुसतं लिहीत नाहीत, दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचतातही. टँकरवर 'ज्वालाग्रही' रंगवलेलं असतं, हवं 'ज्वालाग्राही', पण तेवढ्याने अर्थ पोचतो. इंग्रजीत मात्र खरी फसगत होती, 'इनफ्लेमेबल'मधला 'इन' नकाराचा वाटून लोक त्याचा अर्थ 'न पेटणारं' घ्यायचे, म्हणून अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात 'फ्लेमेबल' वापरा असा आग्रह धरला आणि ब्रिटिश स्टँडर्ड्सवाल्यांनी १९५९ मध्ये तेच धोरण घेतलं. आपल्याकडचे कितीतरी टँकर अजून जुनाच शब्द मिरवतात. शब्दावर भरवसा नको म्हणून टँकरवर आतल्या मालाचा ठरलेला आकडाही असतो, पेट्रोलला १२०३, एलपीजीला १०७५, आणि तिथे आकडा हेच शुद्धलेखन.

भाषाशास्त्रातलं प्रसिद्ध नाव बेंजामिन ली व्होर्फ, हा माणूस पोटापाण्यासाठी हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनीत आगी टाळायचं काम करायचा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आगींच्या कारणांचे अहवाल चाळताना त्याच्या लक्षात आलं की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात आणि 'रिकाम्या' पिंपांजवळ बेफिकीर, विड्या-सिगारेटी फुंकतात, थोटकं टाकतात. खरं तर रिकाम्या पिंपात वाफ असते आणि ती जास्त धोक्याची, पण 'रिकामं' म्हटलं की डोकं 'आत काही नाही' असंच घेतं. आपल्याकडे 'रिकामा सिलिंडर' म्हणतात तेव्हा तेच होतं. म्हणून अहवालात '२ रिकामे सिलिंडर' असं लिहिलेलं मला खटकतं, 'वापरलेले, वजनाला हलके, व्हॉल्व्ह उघडा किंवा बंद' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीतरी कळेल.

अहवाल बिघडवणारी मोठी गोष्ट म्हणजे जुनं वाक्य जसंच्या तसं उतरवणं. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतींना दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी हा दाखला घेऊन अग्निशमन दलाला द्यावा लागतो, की आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे. 'आहे', 'असेल' नव्हे आणि 'ठेवण्यात येईल' तर नव्हेच. आधीच्या फॉर्मवरून कॉपी-पेस्ट करताना तारीख बदलते, वाक्य तेच राहतं, आणि पंप बंद असला तरी कागदावर तो 'आहे'च असतो. हे व्याकरणाने सुटणारं नाही, पण निदान सोसायटीच्या सेक्रेटरीने तो पुढे द्यायच्या आधी क्रियापद वाचावं.

तुमच्यावर कधी दाखला घ्यायची वेळ आलीच, तर काउंटरवरून हलायच्या आधी नाव पॉलिसीवर आहे तसंच आहे का, दुकानाचा गाळा नंबर आणि मजला बरोबर आहे का, तारीख मध्यरात्रीच्या अलीकडची की पलीकडची, आणि विझली आहे की विझवली, एवढं उभ्यानेच वाचून घ्या, कारण चुकलं तर दुरुस्तीसाठी परत अर्ज करा, परत खेटे घाला आणि तोवर तुमचा क्लेम तसाच पडून. 'अग्नीशमन'ला दीर्घ वेलांटी असली तर राहू द्या.