घरी बनवलेल्या तांब्याच्या छोट्या वाफेच्या बॉयलरची दाबाची टेस्ट कॉम्प्रेसरच्या हवेने चालेल का?

नाही. तुमच्या बॉयलरची नळी ३ इंची, कामाचा दाब ३ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). टेस्ट ६ किलोला घ्यायची, आणि ती थंड पाण्यानेच. ६ किलोला लिटरभर पाणी जेमतेम पाव मिली दबतं, त्यामुळे सांधा सुटला तर चिळकांडी उडते आणि गेजचा काटा लगेच शून्यावर येतो. हवा मात्र दबून बसलेली असते. ती सुटली की तांब्याचे तुकडे फेकते.

नळी सांधा नसलेली आणि १.६ मिमी जाड असेल तर तिची काळजी नाही. खरी कमजोर जागा म्हणजे सपाट झाकणं. ३ किलोला प्रत्येक झाकणावर सुमारे १२५ किलोचा रेटा येतो, टेस्टच्या वेळी त्याच्या दुप्पट. म्हणून झाकणं ३ मिमी पत्र्याची घ्या, कडा लाकडी ठोकळ्यावर वळवा (ठोकून तांबं कडक झालं की लाल तापवून पुन्हा मऊ करा) आणि मधोमध आरपार ६ मिमीचा फॉस्फर ब्राँझचा स्टे (दोन्ही झाकणांना आतून धरून ठेवणारी कांडी) घाला. फिटिंग बसवायचे आट्यांचे बुशही (भोकात ब्रेझ केलेल्या कड्या) ब्राँझचेच. पितळेतलं जस्त गरम पाण्यात हळूहळू निघून जातं आणि बुश ठिसूळ होतो.

सांधे ५५ टक्के चांदीच्या, कॅडमियम नसलेल्या रॉडने ब्रेझ करा (रॉड वितळवून सांधा जोडा). सांध्यात ०.१ मिमीच्या आसपास फट हवी. घट्ट ठोकून बसवलं तर रॉड आत ओढलाच जात नाही. एसीवाल्यांकडचा फॉस्फरसचा रॉड स्वस्त पडतो, पण कोळशाच्या धुरातलं गंधक तो खातं. कथील-शिशाचा डाग (सोल्डर) तर नकोच: ३ किलोला वाफ १४४ अंशांची असते आणि हे सोल्डर १८३ ला वितळायला लागतं. पाणी कमी पडलं की संपलं. ब्रेझ झाल्यावर बॉयलर निवू द्या, मगच सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात टाका.

टेस्टसाठी प्लंबर वापरतात तो हातपंप पुरतो. गेज ० ते १० किलोचं. सगळ्यात वरचं भोक उघडं ठेवून बॉयलर काठोकाठ भरा, हलवून बुडबुडे काढा. आत हवा राहिली तर टेस्टचा अर्थच गेला. आधी नळीचा व्यास आणि झाकणांचा सपाटपणा मोजून लिहून ठेवा. एकेक किलोने चढवत ६ वर न्या, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा, २० मिनिटं थांबा. दाब उतरला तर आधी फिटिंग तपासा. सांधा पाझरत असेल तर वरून थेंब लावू नका. साफ करून, फ्लक्स (तापताना तांबं स्वच्छ ठेवणारी पेस्ट) लावून अख्खा सांधा पुन्हा तापवा आणि टेस्ट पहिल्यापासून घ्या. दाब सोडल्यावरही झाकण फुगलेलं राहिलं तर ते बाद.

यानंतरच पेटवा. वाफेचा व्हॉल्व्ह बंद, आच पूर्ण, नजर गेजवर. पाणी पातळी दाखवणाऱ्या काचेत दिसत राहिलं पाहिजे. सेफ्टी व्हॉल्व्ह ३ ला उघडून दाब ३.३ च्या आत राहायला हवा. वर चढू लागला तर लगेच आच काढा. म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हचं भोक लहान आहे. स्प्रिंग ढिली करून भागवू नका, मोठा व्हॉल्व्ह बसवा.