जुन्या खेळांतील फिजएक्ससाठी दुसरे ग्राफिक्स कार्ड बसवून खरोखर फरक पडतो का?

आपण विचारले आहे की, आरटीएक्स 50 मालिकेतील नव्या कार्डाशेजारी पडून असलेले जीटीएक्स 1050 टीआय केवळ फिजएक्ससाठी, म्हणजे खेळातील धूर, कापड, राडारोडा यांच्या हालचालींची गणिते करणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या प्रणालीसाठी, बसवले, तर ‘बॅटमॅन: आर्खम असायलम’ आणि ‘बॉर्डरलँड्स 2’ हे खेळ सगळ्या इफेक्ट्ससह सुरळीत चालतील का, की हा नुसता खटाटोप ठरेल. सुरळीत चालतील. खटाटोप ठरेल असे ज्यांनी आपल्याला सांगितले, त्यांनी बहुधा फ्रेम रेटची (दर सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, संख्या) सरासरी पाहून सांगितले असावे, आणि नेमक्या याच मुद्द्यावर माझा एका जवळच्या मित्राशी 2009 सालापासून वाद आहे.

त्या वर्षी आम्ही वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहत होतो. माझ्या संगणकात जीटीएक्स 260 होते. एनव्हिडियाने फेब्रुवारी 2008 मध्ये फिजएक्सची मूळ कंपनी एजिया विकत घेतली होती, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून, ज्या गणितांसाठी एजियाचे वेगळे फिजिक्स कार्ड घ्यावे लागे, ती गणिते जीफोर्स 8 मालिकेपासूनच्या साध्या ग्राफिक्स कार्डांवर कुडामार्फत (ग्राफिक्स कार्डाकडून इतर गणिते करून घेण्याची एनव्हिडियाची व्यवस्था) होऊ लागली होती. ‘आर्खम असायलम’मध्ये मी फिजएक्सची सर्वांत वरची पातळी निवडली, तेव्हा पायांभोवती घुटमळणारे धुके, चालताना विखुरणारे कागद आणि अंगाला लागून फाटणारी कोळिष्टके पाहून मी अक्षरशः थक्क झालो. अडचण एवढीच होती की, पडद्यावर एकाच वेळी बरेच काही उडू लागले की खेळ दोन-तीन सेकंद अडखळत असे आणि मग पूर्ववत होत असे.

उपाय म्हणून मी माझे जुने 8600 जीटी दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवले, आणि खेळ आणखी मंदावला. मित्र म्हणाला, “कार्डे जोडत बसण्यापेक्षा दोन्ही विकून एकच मोठे कार्ड घे.” चूक माझीच होती, पण ती त्याला वाटत होती ती नव्हती. 8600 जीटीमध्ये केवळ 32 कोअर, म्हणजे गणिते करणारे घटक, असतात, आणि फिजिक्सचे उत्तर हाती आल्याशिवाय मुख्य कार्डाला ती फ्रेम पूर्ण करता येत नाही. त्यामुळे दुबळ्या कार्डाकडे हे काम सोपवले की बलवान कार्ड प्रत्येक फ्रेमला त्याची वाट पाहत थांबते. दोन महिन्यांनी मला 112 कोअरचे 9800 जीटी मिळाले. ते बसवले, आणि त्या रात्री ज्या ज्या प्रसंगांत खेळ अडखळत असे ते सगळे मी पुन्हा खेळून पाहिले. खेळ एकदाही अडखळला नाही.

मित्राने खेळातच असलेली चाचणी लावली, सरासरीचा आकडा वाचला आणि जाहीर केले की फरक नगण्य आहे. त्याच चाचणीत सर्वांत खालच्या फ्रेम रेटचाही आकडा दिलेला होता आणि तो दुपटीहून अधिक वाढला होता, परंतु त्याकडे बघायलाही तो तयार नव्हता. मी तेव्हा त्याला वहीच्या पानावर करून दाखवलेले गणित आपल्यासाठी पुन्हा मांडतो. समजा, एका मिनिटाच्या चाचणीत 57 सेकंद खेळ 60 फ्रेमने चालला आणि उरलेले 3 सेकंद 12 फ्रेमवर घसरला. एकूण फ्रेम 3456 होतात, म्हणजे सरासरी 57.6. सरासरीकडे पाहणारा म्हणेल की तोटा अडीच फ्रेमचाही नाही. पण ते तीन सेकंद नेमके हाणामारीचे असतात आणि खेळणाऱ्याचा सगळा अनुभव तेच नासवतात. फिजिक्सचा भार सतत नसतो, तो अचानक येतो, आणि अचानक येणाऱ्या भाराचे मोजमाप सरासरीने करणे ही मला तेव्हाही चूक वाटत होती आणि आजही वाटते.

यामागचे तांत्रिक कारणही साधे आहे. त्या काळच्या कार्डांना चित्र काढणे आणि कुडाची गणिते करणे ही दोन कामे आळीपाळीने करावी लागत, आणि एका कामातून दुसऱ्यात जाताना वेळ वाया जाई. 2010 च्या फर्मी पिढीत ही अदलाबदल बरीच वेगवान झाली आणि तेव्हापासून दुसऱ्या कार्डाची गरज खरोखरच घटली, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

मित्राचा दुसरा आक्षेप असा होता की, धुके हलले नाही तरी खेळ तोच राहतो. हे खरे आहे, पण त्याचे कारण खेळ ज्या कार्डांवर हे इफेक्ट्स चालत नाहीत त्यांवरही चालावा लागतो हे आहे. म्हणून खेळाच्या निकालावर परिणाम करणारी गणिते प्रोसेसरकडेच ठेवली जातात आणि ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला धूर, कापड, काचा, राडारोडा एवढेच येते. ‘मिरर्स एज’मध्ये गोळीबाराने चिंध्या होणारे कापडी फलक ज्याने पाहिले आहेत, त्याने त्यांना निव्वळ सजावट म्हणून हिणवू नये.

आता आपल्या संगणकाविषयी. आरटीएक्स 50 मालिकेत 32 बिट कुडाचा आधार काढून टाकण्यात आला, आणि हे जुने खेळ 32 बिटचेच असल्यामुळे फिजएक्सचे सगळे ओझे प्रोसेसरवर येऊन पडले. प्रोसेसर कितीही नवा असला तरी तो येथे चाचपडतो, कारण फिजएक्सच्या त्या जुन्या आवृत्त्या बहुतांशी एकाच कोअरवर आणि एक्स87 या कालबाह्य सूचनांवर चालतात. प्रोसेसरांचे विश्लेषक डेव्हिड कँटर यांनी 2010 मध्येच हे तपासून दाखवले होते. 1050 टीआयमध्ये 768 कोअर आहेत आणि त्यात 32 बिट कुडा शाबूत आहे, त्यामुळे या कामासाठी ते पुरेसे आहे. दोन्ही कार्डे बसवल्यावर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधील फिजएक्सच्या पानावर ‘फिजएक्स प्रोसेसर’ म्हणून 1050 टीआय हाताने निवडा, निवड आपोआप होऊ देऊ नका. कार्डांमध्ये एसएलआयचा पूल (दोन कार्डे एकमेकांना जोडणारी पट्टी) लागत नाही, आणि मॉनिटर मुख्य कार्डालाच जोडलेला ठेवा. त्याच पॅनेलमधून फिजएक्सचा दर्शक चालू केला, तर गणिते कुठे होत आहेत ते खेळताना पडद्यावरच दिसते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती. दोन्ही कार्डांना एकच ड्रायव्हर चालावा लागतो, आणि 1050 टीआय ज्या पास्कल पिढीतले आहे, तिच्यासाठी 580 ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. डिसेंबर 2025 मध्ये आलेल्या 591.44 या ड्रायव्हरने आरटीएक्स 50 कार्डांवर निवडक जुन्या खेळांसाठी 32 बिट फिजएक्स परत आणले. ‘बॉर्डरलँड्स 2’ त्या यादीत होता, ‘आर्खम असायलम’ मात्र पुढे येईल असे तेव्हा सांगण्यात आले होते. म्हणजे आपल्याला 580 शाखेवर थांबून 1050 टीआय वापरावे लागेल, किंवा नवा ड्रायव्हर घेऊन त्याच्या यादीवर विसंबावे लागेल. नवा ड्रायव्हर आणि दुसरे कार्ड दोन्ही हवे असल्यास पास्कलनंतरच्या ट्युरिंग पिढीतील जीटीएक्स 1650 बघा. फक्त ‘बॉर्डरलँड्स 2’ खेळायचा असेल, तर दुसरे कार्ड बसवूच नका, आणि येथे माझ्या मित्राचे म्हणणे बरोबर ठरते.

बसवणारच असाल, तर मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहून घ्या की दुसरा स्लॉट भरल्यावर मुख्य कार्डाच्या लेन (मदरबोर्डशी माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या वाहिन्या) 16 वरून 8 वर येतात का. त्या तशा आल्या तरी फारसे बिघडत नाही; मुख्य कार्डाच्या पंख्यांना चिकटून दुसरे कार्ड बसले आणि हवा अडली, तर मात्र बिघडते. 1050 टीआयची वीज 75 वॉटपर्यंत असते आणि बहुतेक प्रतींत ती स्लॉटमधूनच मिळते.

आधी दुसऱ्या कार्डाशिवाय आणि मग त्याच्यासह, अशा दोन्ही चाचण्या ‘आर्खम असायलम’मध्ये घ्या आणि दोन्ही वेळचा सर्वांत खालचा आकडा येथे कळवा. मला तो माझ्या मित्राला पाठवायचा आहे.