ॲनिलीनमधला 'अ' नकाराचा नाही

प्रश्न असा आहे: रंग आणि फोम बनवायला लागणारे ॲनिलीन हे रसायन शुद्ध असताना बिनरंगी असते, मग हे नाव संस्कृत 'अ-नील', म्हणजे 'निळे नसलेले', यावरून पडले का? आणि मराठीत त्याला 'नीलिन' म्हणावे का?

'नील' आपलाच, पण 'अ' अरबी. संस्कृत 'नीली' म्हणजे निळीचे झाड. हा शब्द फारसीमार्गे अरबीत गेला आणि त्याला 'अल्' हे उपपद लागले. पुढे 'न' आला की या 'अल्'मधला 'ल' त्यातच विरतो, म्हणून उच्चार 'अन्-नील'. अल्कली, अल्कोहोल यांत तोच 'अल्' शाबूत राहिला. पोर्तुगीजांच्या तोंडी 'अन्-नील'चे 'अनिल' झाले. (वाऱ्याचा 'अनिल' वेगळा.)

मुद्दा रंगाचा नाही, उगमाचा आहे. १८२६ साली उन्फरडॉर्बेन या रसायनशास्त्रज्ञाने निळीचे ऊर्ध्वपातन करून हा तेलकट द्रव मिळवला आणि त्याला 'क्रिस्टलिन' म्हटले. १८३४ मध्ये रुंगे या रसायनशास्त्रज्ञाला तोच कोलटारमध्ये, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरात, सापडला, नाव 'क्यानोल'. पुढे आणखी दोन रसायनशास्त्रज्ञ आले: फ्रिट्शेने निळीवर कॉस्टिक पोटॅश या तीव्र अल्कलीची प्रक्रिया करून तोच द्रव मिळवला आणि त्याला 'अनिलिन' हे नाव दिले, तर झिनिनने नायट्रोबेंझीन या रसायनापासून 'बेंझिडाम' बनवले. ही चारही नावे एकाच पदार्थाची आहेत हे हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये दाखवले. टिकले ते निळीचे नाव, याचा मला फार आनंद वाटतो.

पदार्थ म्हणून हे अमीन, म्हणजे अमोनियापासून बनलेल्या संयुगांपैकी एक: बेंझीनच्या, म्हणजे सहा कार्बन अणूंच्या, वलयाला जोडलेला अमोनियाचा अंश. उत्कलनबिंदू १८४ अंश सेल्सिअस, वास सडक्या माशांसारखा, हवा लागली की तपकिरी होते. कातडीतूनही अंगात भिनते. मग रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि ओठ, नखे निळसर पडतात. आज त्याचा सर्वात मोठा वाटा एमडीआय या रसायनात जातो, त्यापासून फ्रिजच्या भिंतींत भरला जाणारा पॉलियुरेथेन फोम होतो. शिवाय रबर उद्योग आहेच. रंगांचा धंदा मात्र सर्वात जुना: १८५६ मध्ये पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने यापासूनच 'मॉव्ह' हा जांभळा रंग काढला. पुढे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्लेगर या रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीने ॲनिलीनपासून कृत्रिम नीळ किफायतशीर दरात बनू लागली. निळीतून निघालेला पदार्थ असा निळीचाच कच्चा माल झाला.

'नीलिन' मला पटत नाही. ऐकणाऱ्याला ते निळीतल्या रंगद्रव्याचेच नाव वाटेल, आणि ते द्रव्य तर वेगळे आहे. 'ॲनिलीन'च लिहावे.