फीड पंप चालतोय, पण डिझेल पोहोचतंय का?

या वेळी डिझेल पिकअपच्या फीड पंपाविषयी आलेली पत्रं घेतली आहेत. अमेरिकेत याला लिफ्ट पंप म्हणतात. टाकीतलं डिझेल ओढून इंजेक्शन पंपाच्या तोंडाशी दाबाने आणून द्यायचं, एवढंच त्याचं काम. बहुतेक पत्रं तिकडच्याच वाचकांची आहेत, एक सांगली जिल्ह्यातून आलं आहे.

माझ्याकडे २००१ची डॉज रॅम २५०० आहे, ५.९ लिटर कमिन्स. एका सेल्फमध्ये सुरू होते, ट्रेलरही छान ओढते. तरी सगळे सांगतात, फ्युएल प्रेशरचं मीटर बसव. गाडी ठीक असताना हा खर्च कशाला? (टेक्सास)

गाडी ठीक चालते यावरून या इंजिनात फीड पंप ठीक आहे असं ठरत नाही, म्हणून. १९९८च्या मध्यापासून २००२पर्यंतच्या २४ व्हॉल्व्हच्या कमिन्सवर बॉशचा व्हीपी४४ हा रोटरी इंजेक्शन पंप आहे. त्याच्या पोटात स्वतःचा छोटा व्हेन पंप, म्हणजे फिरत्या पात्यांचा पंप असतो. त्यामुळे फीड पंप पूर्ण बंद पडला तरी व्हीपी४४ डिझेल ओढून घेतो आणि चालवणाऱ्याला काही कळत नाही. पण या पंपाला वंगण आणि थंडावा दोन्ही त्याच डिझेलमधून मिळतो. जाळायला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त डिझेल त्यातून फिरतं आणि ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून उष्णता घेऊन टाकीत परत जातं. हा व्हॉल्व्ह साधारण १४ पीएसआयला उघडतो. दाब त्याच्या बराच खाली राहिला की परतीचा ओघ आटतो आणि पंप आतून कोरडा, गरम चालू लागतो. फीड पंपाच्या कितीतरी पट किमतीचा भाग असा न बोलता झिजतो.

मूळ फीड पंप इंजिनच्या ब्लॉकवरच, फिल्टरजवळ बसवलेला आहे. हाही व्हेन पंपच, ढकलायला चांगला, ओढायला कमकुवत; आणि इथे तर त्याला टाकीपासून एवढ्या लांबून ओढायला लावलं आहे, वर इंजिनची उष्णता आणि थरथर. तो लवकर थकतो यात नवल नाही.

आकडे लक्षात ठेवा: आयडलला १४-१५ पीएसआय, पूर्ण ताणावर १०च्या खाली नाही. कंपनीची किमान मर्यादा १० आहे, पण पंप बदलायचाच असेल तर ताणावरही १४ टिकेल असा घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. वरची बाजू २०च्या पुढे नेऊ नका. आयडलचा आकडा बघून समाधान मानू नका. उभ्या गाडीत १४ दाखवणारा काटा चढावर, ट्रेलरसकट, पाय पूर्ण दाबल्यावर ४वर येतो, हे या पंपाचं नेहमीचं लक्षण. तपासणी तशीच करा: भरलेली गाडी, वरचा गिअर, लांब चढ, १०-१५ सेकंद पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर.

दाब पडला तर लगेच पंपावर आळ घेऊ नका. फिल्टरच्या भांड्याजवळ टायरच्या व्हॉल्व्हसारखी दोन टोकं असतात, एक फिल्टरच्या आधी आणि एक नंतर. इंजिन २५०० आरपीएमवर ठेवून दोन्हीकडचा दाब मोजा. फरक ५ पीएसआयच्या आसपास गेला तर फिल्टर तुंबला आहे. दोन्हीकडे सारखाच कमी असेल तर दोष पंपात किंवा पंपाच्या मागे: टाकीतली जाळी, दबलेला होज, कनेक्टरमधला गंज. इंजिन चालू असताना पंपाच्या कनेक्टरवर बॅटरीइतकेच व्होल्ट मिळायला हवेत. इंजिन सुरू न करता पंप चालवायचा असेल तर किल्लीने सेल्फला नुसता स्पर्श करून सोडा. पंप साधारण २५ सेकंद फिरतो.

मीटर साधं घ्यावं की इलेक्ट्रिक? आणि नळी कुठे जोडायची? (न्यू जर्सी)

जोडणी फिल्टरच्या नंतर, व्हीपी४४च्या जितकी जवळ जमेल तितकी. फिल्टरच्या आधीचा काटा तुंबलेल्या फिल्टरच्या वेळी उलट वर जातो आणि तुम्ही निश्चिंत राहता. मीटर ० ते ३० पीएसआयचं घ्या. १००चं घेतलंत तर १४ आणि १० यांतला फरक डोळ्यांना दिसणार नाही.

साधं, म्हणजे मेकॅनिकल मीटर टिकाऊ, पण डिझेलची नळी केबिनमध्ये आणायची नाही. मध्ये आयसोलेटर लावा. त्याच्या पलीकडच्या नळीत कूलंट भरलेला असतो, फुटली तरी पायाशी डिझेल सांडत नाही. इलेक्ट्रिक मीटर घेतलंत तर सेन्सर थेट इंजेक्शन पंपावर पिळू नका. व्हीपी४४ डिझेल घोटाघोटाने घेतो आणि प्रत्येक घोटाचा ठोका उलट नळीत येतो. त्या ठोक्यांनी सेन्सर मरतात. ग्रीस गनचा फूट-दीड फूट होज लावून सेन्सर बॉडीवर बसवा आणि वाटेत नीडल व्हॉल्व्ह ठेवा. इंजिन आयडलला असताना तो हळूहळू बंद करत न्या. थरथरणारा काटा एका जागी स्थिर झाला की थांबा. पूर्ण बंद केलात तर काटा शेवटच्या आकड्यावर अडकून बसेल आणि तुम्हाला खोटा दिलासा देत राहील.

आट्यांवर टेफ्लॉन टेप नको. तिची एखादी चिंधी सुटली तर फिल्टरनंतरची असल्यामुळे सरळ पंपात जाते. शिवाय सेन्सरला आट्यांतून अर्थिंग मिळत असेल तर तेही तुटतं. डिझेलला चालणारं द्रव सीलंट पहिले दोन आटे सोडून लावा. बँजो बोल्ट (ज्यातून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) उघडला की वॉशर नवेच.

जुनी २००२ची रॅम घेतली. पी०२१६ हा कोड येतो. फीड पंप बदलला तर जाईल का? (ओहायो)

बहुधा नाही. हा कोड इंजेक्शनच्या टायमिंगचा आहे आणि साधारणपणे व्हीपी४४च्या आतला टायमिंग पिस्टन झिजल्याची खूण असतो. फीड पंपाने हे नुकसान घडवलं असेल, पण नवा बसवून ते भरून येत नाही. क्रम मात्र चुकवू नका: आधी फीड पंप आणि मीटर, दाब ताणावर टिकतोय याची खात्री, मगच नवा व्हीपी४४. उलट केलंत तर नवा पंपही त्याच वाटेने जाईल.

गाडी जुनी घेतली आहे म्हणून आणखी एक बघा. ब्लॉकवर फीड पंप दिसत नसेल तर आधीच्या मालकाच्या काळात टाकीत बसणारा पंप लावलेला असू शकतो. त्या काळी बदली म्हणून दिले जाणारे असे पंप व्हीपी४४ला पुरेसा दाब देत नाहीत. चेसिसवर बसणारा मोठा पंप लावाल तेव्हा त्याला करंट बॅटरीवरून, फ्यूज आणि रिले घालून द्या. मूळ वायर फक्त रिले ओढायला वापरा; मोठ्या पंपाचा भार थेट ईसीएमवर, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरवर टाकू नका.

२००६च्या ड्युरामॅक्सवर (शेव्हरले-जीएमसी पिकअपचं डिझेल इंजिन) लिफ्ट पंप सापडतच नाही! (कॅलिफोर्निया)

सापडणार नाही, कंपनीने दिलेलाच नाही. तिथे सीपी३ हाय प्रेशर पंपच टाकीतून ओढतो. फिल्टरपाशी दाब नसून ओढ असते, म्हणून व्हॅक्यूम गेज लावा. पूर्ण ताणावर ५ इंच पाऱ्याच्या वर गेलं तर फिल्टर किंवा लाइन तुंबली समजा. २०१७च्या एल५पी इंजिनापासून टाकीत इलेक्ट्रिक पंप आला.

आमची कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल) पिकअप सकाळी चार-पाच सेल्फ घेते. हँड प्रायमर दाबला की लगेच सुरू होते. मेकॅनिक पंप खोलायचा म्हणतो. (सांगली जिल्हा)

पंपाला अजून हात लावू देऊ नका. गाडी एअर घेते आहे. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं आणि तुम्ही प्रायमरने ते परत वर आणता. तुमच्या गाडीतही पंपाच्या आधीची लाइन ओढीवर चालत असेल तर गळतीची ओल दिसणार नाही, कारण तिथून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते.

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक, डिझेलला चालणारी नळी तात्पुरती लावा. आयडलला सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे चालतील. दहा मिनिटांनंतरही मण्यांच्या माळेसारखे येत राहिले तर हवा मागून येते आहे. मग बघा: फिल्टरचं रबर रिंग, पाणी काढायचा स्क्रू, झटपट कनेक्टरमधली ओ-रिंग, क्लिपजवळ कडक होऊन चिरलेला होज, आणि खुद्द प्रायमर. त्याचा आतला व्हॉल्व्ह धरत नसेल तर तो दाबून कडक होत नाही. काहीच सापडलं नाही तर स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन गाडीबाहेर, पेटणार नाही अशा जागी ठेवून फिल्टरची इनलेट नळी त्यात सोडा. दुसऱ्या सकाळी एका सेल्फमध्ये सुरू झाली तर दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात आहे.

एक मात्र कळकळीने सांगतो. जुन्या गाड्यांसारखं नोझलचा नट सैल करून, सेल्फ मारत एअर काढायला कुणालाही देऊ नका. कॉमन रेलमध्ये तिथे दाब हजार बारच्याही वर जाऊ शकतो. ती धार कातडी भेदून आत जाते. एअर प्रायमरनेच काढा, तो कडक होईपर्यंत.