कॅमरी घ्यावी की इम्पाला? माझं उत्तर

डेट्रॉइटजवळ नवी नोकरी, आणि एकाच किमतीत दोन जुन्या गाड्या समोर आहेत असं तुम्ही लिहिलंय. 2014 ची टोयोटा कॅमरी: 1,40,000 मैल, सर्व्हिसची एकही पावती नाही. 2015 ची अमेरिकन शेवरोले इम्पाला: व्ही-6, 62,000 मैल, एकच मालक, सगळ्या पावत्या जपलेल्या. ऑफिसातले देशी म्हणतात, अमेरिकन गाडीला हात लावू नका. मी इथे सव्वीस वर्षं गाड्या घेतोय, विकतोय. मी म्हणेन, आधी इम्पाला बघा.

तो सल्ला मुळात खोटा नव्हता. 1970 च्या दशकात शेवरोले व्हेगाचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन तापून बसायचं आणि पत्रा थोड्याच हिवाळ्यांत गंजायचा. 1973 चं तेलसंकट आलं, लोक छोट्या होंडा-टोयोटांकडे वळले आणि त्या गाड्या चालतच राहिल्या. ज्यांचे हात पोळले त्यांनी मुलांना सांगितलं. आपण नंतर आलो, आपल्याला सल्ला आयताच मिळाला.

पण फ्रीमाँटचं बघा. जीएमने (जनरल मोटर्स, शेवरोलेची मालक कंपनी) 1982 मध्ये बंद केलेला कॅलिफोर्नियातला हा कारखाना 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाला. कामगार बरेचसे तेच, पद्धत नवी: दोष दिसला की दोरी ओढायची, वेळ पडली तर लाइन थांबवायची. पुढे तिथे एकाच लाइनवर टोयोटाची कोरोला आणि जीएमच्या नावाने विकली जाणारी प्रिझ्म बनू लागल्या. माझ्या रूममेटकडे प्रिझ्म होती. बॉनेट उघडून कोरोलाशेजारी उभी केली तर कुठली कुठली ते कळत नसे. तरी जुन्या बाजारात ती स्वस्त जायची, केवळ नावामुळे.

उलट मी "जपानी आहे, डोळे झाकून घ्या" ऐकून मिनीव्हॅन घेतली. 90,000 मैलांवर ट्रान्समिशन गेलं, आणि बायको सात महिन्यांच्या मुलीला घेऊन बर्फात हायवेच्या कडेला दोन तास बसली. घेताना ट्रान्समिशनची डिपस्टिक (तेल तपासायची पट्टी) ओढून बघितली असती, तर तेल लाल नाही, तपकिरी आहे आणि जळका वास मारतंय हे तेव्हाच कळलं असतं.

तेव्हा मॉडेल, इंजिन आणि वर्ष पाहा. 2012 ते 2016 च्या फोर्ड फोकसचा ड्युअल-क्लच (एक प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) टाळाच. टोयोटालाही 2024 मध्ये टुंड्रा पिकअपच्या इंजिनांसाठी रिकॉल काढावा लागला. इम्पालात बसवलेल्या जीएमच्या 3.6 लिटर इंजिन-मालिकेत सुरुवातीच्या वर्षांत टायमिंग चेन (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारी साखळी) ताणल्याच्या तक्रारी होत्या, म्हणून ऑइल बदलल्याच्या पावत्या एकेक करून तारीख आणि मैल जुळवून बघा.

गाडी बघायला जाल तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून डॅशबोर्डवरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) वाचा. कॅमरीचा पहिला आकडा 4 असेल तर ती अमेरिकेतच बनलीय. इम्पालाचा 2 असेल तर ती कॅनडातली, ओशावाची!

मग विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला मेकॅनिक गाठा, गाडी लिफ्टवर चढवायला सांगा. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गाडी खालून गंजते. खाली ब्रेक लाइन गंजलेल्या निघाल्या आणि किंमत त्या हिशेबाने कमी होत नसेल, तर ही इम्पालाही सोडून द्या.