तुमचे प्रश्न: हू ताओ काढू का, बेनेटचं सहावं उघडू का, आणि मुलाचे पैसे

दादा, गेन्शिन इम्पॅक्ट या गेममध्ये हू ताओ या कॅरेक्टरचं बॅनर (ठराविक दिवस तिला काढायची संधी) परत आलं तर घ्यायची का थांबायचं? माझ्याकडे शिंगच्यू, बेनेट, नोएल, फिशल, बार्बरा ही कॅरेक्टर्स आहेत, भाल्यांमध्ये ड्रॅगन्स बेन आहे. मित्राने व्हिडिओ दाखवला त्यात एका फटक्यात लाखाच्या वर डॅमेज. पण दुसरे म्हणतात ती आता जुनी झाली. मी फक्त फोनवर खेळतो. – एक वाचक, सांगली

आधी तो व्हिडिओ. लाखाचा फटका खोटा नसतो रे, पण तो दिसतो तेव्हा हू ताओच्या मागे कोण कोण उभं होतं ते व्हिडिओत दोन सेकंद दिसतं आणि आपण तेच बघत नाही. मी कुठलंही कॅरेक्टर बघताना आधी हे बघतो की ते स्वतःसाठी टीमकडून काय काय मागतं, आणि हू ताओ भरपूर मागते.

तिचं सगळं गणित एचपीवर, म्हणजे तिच्या जीवाच्या आकड्यावर चालतं. स्किल दाबलं की आहे त्या एचपीतला ३० टक्के जातो आणि बदल्यात तिच्या मॅक्स एचपीच्या हिशोबाने अ‍ॅटॅक वाढतो, ९ सेकंदांसाठी. स्किल लेव्हल १० ला हा हिशोब मॅक्स एचपीच्या ६.२६ टक्के, म्हणजे ३०,००० एचपी असेल तर जवळपास १,८७८ अ‍ॅटॅक फुकट. म्हणून तिच्या सँड्स या आर्टिफॅक्टवर (अंगावर घालायची वस्तू) अ‍ॅटॅक टक्के घालणाऱ्यांना हात जोडावेसे वाटतात. तिचा स्वतःचा बेस अ‍ॅटॅक ९० लेव्हलला फक्त १०६ आहे, त्यावर टक्के लावून काय मिळणार, एचपी किंवा एलिमेंटल मास्टरी (रिअ‍ॅक्शनचा जोर वाढवणारा आकडा) घाल. फक्त एक लक्षात ठेव, या बोनसला मर्यादा आहे, बेस अ‍ॅटॅकच्या ४०० टक्क्यांवर तो जात नाही. ड्रॅगन्स बेन ९० लेव्हलचा असेल तर बेस ५६० होतो, म्हणजे मर्यादा २,२४०, आणि तिथपर्यंत पोचायला सुमारे ३५,८०० एचपी लागतो. एवढा एचपी साध्या आर्टिफॅक्टवर सहज होत नाही, त्यामुळे तुला मर्यादेची काळजी नाही, पुढे कधी स्टाफ ऑफ होमा हा भाला मिळाला तर तेव्हा बघू.

दुसरी गोष्ट, एचपी निम्म्यावर किंवा त्याखाली असेल तर तिला ३३ टक्के पायरो (आगीच्या) डॅमेज बोनस मिळतो. १०० वरून एकदा स्किल मारलं की ७०, दुसऱ्यांदा मारलं की ४९. म्हणजे खरी हू ताओ दुसऱ्या स्किलनंतर सुरू होते, आणि तिथून पुढे तुला मुद्दाम अर्धमेलं राहून लढायचंय. इथेच बार्बरा बाद. हीलर घेऊन बसलास तर तिची ताकद तूच काढून घेतोयस. तिला हवी शिल्ड. झोंगली असेल तर प्रश्नच मिटला, नसेल तर थोमा चांगला, चार स्टारचा (पाच स्टारपेक्षा कमी दुर्मीळ) आहे, पण थोमाचं फक्त स्किल वापर, बर्स्ट (मोठी ताकद) नको, कारण त्याचा बर्स्ट आपल्या नॉर्मल अ‍ॅटॅकबरोबर स्वतःची पायरो लावतो आणि हू ताओच्या वाट्याचं व्हेपोराइज (पाणी आणि आगीची रिअ‍ॅक्शन) खाऊन टाकतो. तोपर्यंत तुझी नोएलही चालेल, तिची शिल्ड १२ सेकंद टिकते, पुन्हा मारायला मात्र २४ सेकंद थांबावं लागतं, म्हणजे प्रत्येक फेरीला मिळणार नाही.

आता तुझी जमेची बाजू सांगतो, ती म्हणजे शिंगच्यू. तो पाणी लावतो, हू ताओ त्यावर आग मारते, व्हेपोराइज दीडपट लागतो. ड्रॅगन्स बेनची २२१ मास्टरी धरली तर तो दीडपट दुपटीच्या थोडा वर जातो, शिवाय पाणी किंवा आग लागलेल्या शत्रूवर त्याच वेपनचा २० टक्के जादा डॅमेज. चार स्टारच्या भाल्यात तिला याच्याएवढं शोभणारं फार काही नाही, बॅटल पासच्या डेथमॅचची बात वेगळी, त्यात क्रिट रेट (जोरदार फटक्याची शक्यता) मिळतो, पण तुझ्याकडे आहे ते सोडून तिकडे जायची गरज नाही. तिच्याकडे स्वतःचा क्रिट डॅमेज आधीच जास्त आहे, आर्टिफॅक्टमध्ये क्रिट रेट शोध आणि सेट क्रिमझन विचचे चार. एवढं जमलं की एका बॉससमोर ती आजही धुमाकूळ घालते, "जुनी झाली" म्हणणाऱ्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. मार्च २०२१ मध्ये १.३ व्हर्जनला आली, त्यानंतर आर्लेकिनो आली, मावुइका आली, दोघी पायरोच, आकडे मोठे आहेत हे खरंय. पण आर्लेकिनोला लढाईत दुसऱ्याचा हीलर चालत नाही आणि मावुइकाला गेममधल्या नॅटलान प्रदेशाची माणसं सोबत असली की बहर येतो. फुकटात कोणीच येत नाही.

कमजोरी कुठे आहे ते ऐक आणि मग ठरव. एक तर घोळका. चार्ज्ड अ‍ॅटॅक सरळ समोर जातो, पाच-सहा शत्रू पांगलेले असतील तर तुझे ९ सेकंद त्यांच्या मागे पळण्यात जातात. शियानयुन मिळाली तर प्लंजने (वरून खाली मारलेल्या फटक्याने) हे बरंचसं सुटतं, पण तो अजून एका पाच स्टारचा खर्च. दुसरं, पायरोला दाद न देणारा शत्रू आला की ती नुसती शोभेची. तिसरं, ती मैदान सोडून गेली की स्किल संपतं, म्हणजे मधे दुसऱ्याला बोलवून परत यायची सोय नाही.

आणि चौथं, जे तुझ्यासाठी सगळ्यात मोठं, ते म्हणजे अंगठे. एका चार्ज्ड अ‍ॅटॅकला २५ स्टॅमिना जातो, पूर्ण स्टॅमिना २४० असतो, त्यात डॅश मारून अ‍ॅटॅकनंतरची हालचाल कापत बसलास तर डॅशचाही स्टॅमिना जातो आणि ऐन वेळेला ती धापा टाकत उभी राहते. पहिलं कॉन्स्टेलेशन (तेच कॅरेक्टर पुन्हा मिळालं की उघडणारी पायरी) असेल तर स्किलमध्ये चार्ज्ड अ‍ॅटॅकचा स्टॅमिना लागत नाही, पण त्यासाठी दुसरी हू ताओ काढू नकोस. नसेल तर उडी मारून कापायचं, उडीला स्टॅमिना लागत नाही. एक नॉर्मल, मग चार्ज्ड, लगेच उडी, परत तेच. कीबोर्डवर हे सोपं वाटतं, फोनवर अ‍ॅटॅकचं बटण दाबून धरायचं, सोडायचं, त्याच अंगठ्याने वरचं जंपचं बटण, आणि कॅमेराही तोच अंगठा फिरवणार. फोन तापला, फ्रेम पडायला लागल्या, की ताल गेलाच. आपल्याकडचे बहुतेक आशिया सर्व्हरवर खेळतात, नेट अडखळलं की कॅरेक्टर बदलायलाही उशीर होतो.

म्हणून बॅनर आलं की आधी टेस्ट रन खेळ. तयार आर्टिफॅक्टसकट ती खेळायला देतात, वर थोडे प्रिमोजेमही (कॅरेक्टर काढायचं गेममधलं चलन) मिळतात. डॅमेजकडे बघू नको, १० मिनिटं फक्त नॉर्मल-चार्ज्ड-उडी कर. हाताला मजा आली तर काढ, शिंगच्यू आणि ड्रॅगन्स बेन असलेल्या माणसाने तिला नको म्हणायचं काही कारण नाही. हात दुखला तर तिच्यावर साठवलेलं सगळं कुणा दुसऱ्यासाठी ठेव.

बेनेट तिच्यासोबत लावायचा विचार करत असशील तर नको. त्याचा बर्स्ट हील करतो, तुझी अर्धमेली हू ताओ सुखरूप होते आणि ३३ टक्के गेले. शिवाय त्याच्या छोट्या वर्तुळात उभं राहायचं आणि हिला तर उड्या मारायच्यात. अबिस या अवघड लढतीत दोन टीम लागतात, तो दुसरीकडे शांगलिंगच्या शेजारी सोन्यासारखा कामाला येतो.

बेनेटचं सहावं कॉन्स्टेलेशन आलंय, उघडू की नको? ग्रुपमध्ये यावरून भांडणं चाललीत. – बारावीची विद्यार्थिनी, लातूर

भांडण जुनं आहे गं, २०२० पासूनचं. सहावं उघडलं की वर्तुळात उभ्या असलेल्या तलवार, क्लेमोर (मोठी दोन हातांची तलवार) आणि भालावाल्यांच्या अ‍ॅटॅकला आग लागते आणि १५ टक्के पायरो बोनस मिळतो. एकदा उघडलं की परत बंद करता येत नाही, सगळी भीती त्याचीच. तू युला किंवा फिजिकल रेझर खेळत असशील तर अजिबात उघडू नको, त्यांचा फिजिकल डॅमेज आगीत जातो. पायरोच खेळवत असशील तर बिनधास्त उघड. धनुष्य आणि कॅटॅलिस्टवाल्यांना (जादूचं हत्यार) आग लागतच नाही, तिथे काळजी नको. आणि अजून काही ठरलं नसेल तर ते तसंच पडू दे, एक वर्ष न उघडलं तरी बेनेट कुठे पळून जात नाही.

खरं लक्ष दे ते पहिल्या कॉन्स्टेलेशनकडे. त्याच्याशिवाय एचपी ७० टक्क्यांच्या खाली असला तर तो फक्त हील करतो, अ‍ॅटॅक देत नाही. पहिलं उघडलं की ही अट जाते, वर आणखी २० टक्के. आणि त्याच्या वेपनचा बेस अ‍ॅटॅक मोठा ठेव, कारण तो जे देतो ते स्वतःच्या बेसवरून मोजून देतो, आर्टिफॅक्टवरच्या अ‍ॅटॅकचा त्यात काही उपयोग नाही. बर्स्ट लेव्हल १०, पहिलं कॉन्स्टेलेशन आणि अक्विला फेव्होनिया ही तलवार असेल तर १,००० च्या वर अ‍ॅटॅक देतो, चार स्टारचा पोरगा. त्यामुळे त्याच्यावर क्रिट शोधत रेझिन (आर्टिफॅक्ट मिळवायला खर्च होणारी ऊर्जा) जाळू नको, एनर्जी रिचार्ज आणि एचपी बघ. डिफेन्सवर चालणाऱ्यांना मात्र त्याचा फार फायदा नाही.

माझा मुलगा नववीत आहे, म्हणतो थोडे पैसे टाकले की हवं ते कॅरेक्टर येतं. खरं का? – एक आई, डोंबिवली

ताई, "थोडे" हा शब्द सोडून बाकी खरं आहे. एकदा नशीब आजमवायला १६० प्रिमोजेम लागतात. पाच स्टार येण्याची शक्यता दर वेळी ०.६ टक्के, मात्र ९० व्या वेळेपर्यंत एक पाच स्टार येतोच, बहुतेकांना त्याच्या थोडं आधी. पण तो पाच स्टार हवा तोच असेल असं नाही, नाणेफेकीसारखं आहे, २०२४ पासून शक्यता जरा आपल्या बाजूला झुकवलीये एवढंच. चुकला तर पुढचा पाच स्टार मात्र नक्की हवा तोच. म्हणजे सगळ्यात वाईट पाळी आली तर १८० वेळा, २८,८०० प्रिमोजेम. हा आकडा कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवा आणि दुकानात त्याची किंमत किती होते ते त्यालाच काढू द्या, गणित त्याला जमतं की नाही तेही कळेल. रोजच्या खेळातून प्रिमोजेम फुकट साठतात, साठवून काढणारी खूप मुलं आहेत. तुम्हाला द्यायचेच असतील तर ३० दिवस रोज ९० मिळतात तो पास घ्या, ते तरी ठरलेलं असतं. आणि तो "वेपनपण पाहिजे" म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

नोएल खरंच टाकाऊ आहे का? सुरुवातीपासून माझ्याकडे तीच आहे. – एक वाचक, पणजी

टाकाऊ नाही हो! सुरुवातीच्या बॅनरवर सगळ्यांना मिळते म्हणून लोक तिला हलकं समजतात. डिफेन्सवर बिल्ड करा, तिचा बर्स्ट डिफेन्सचा अ‍ॅटॅक करून देतो, सहाव्या कॉन्स्टेलेशनला त्यात अजून ५० टक्के डिफेन्स मिळतो. बर्स्टमध्ये तिचा क्लेमोर लांबवर फिरतो, घोळका आला तर ती हू ताओपेक्षा निवांत असते. शिल्ड तीच, मारणारी तीच, मारता मारता सगळ्या टीमला हीलही तीच करते. जिओ (दगडाच्या ताकदीची) असल्यामुळे तिला व्हेपोराइजसारखी रिअ‍ॅक्शन मिळत नाही आणि ती हळू आहे, हे मान्य. पण फुरिना मिळाली तर तिच्याजवळ हिलाच उभी करा, फुरिना सगळ्यांचा एचपी खाली-वर झाला की ताकद वाढवते आणि नोएल तेच करून देते. नाही मिळाली तरी इमॅजिनेरियम थिएटर या लढतीत डझनभर माणसं गोळा करावी लागतात, तेव्हा जिओचा महिना आला की बिल्ड केलेली नोएल असणारे खुशाल असतात. सहावं नसेल तर मास्टरलेस स्टारग्लिटर (गेममधल्या दुकानात चालणारं चलन) दुसरीकडे उडवू नका, दुकानात तिची पाळी येईल तेव्हा लागतील.