तेराव्यानंतरची चाळ

‘बाबांना जाऊन पाच महिने झाले, आई अजून त्यांना हाक मारते. तिच्या डोक्यावर परिणाम तर झाला नसेल?’ लालबागच्या चाळीत वाढलेली आणि लग्नानंतर डोंबिवलीला राहणारी एक मुलगी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चाळीत पहाटे साडेचारला पाणी येते. ३८ वर्षे आईने ‘अहो, पाणी आलं’ अशी हाक मारावी आणि वडिलांनी उठून पिंप भरावे, असा शिरस्ता होता. ती हाक अजूनही तिच्या तोंडून निघते. मग ती क्षणभर थांबते आणि स्वतःच नळाला पाइप लावते.

‘थांबते’ या शब्दापाशी मी मुलीला अडवले. आईला वस्तुस्थितीचे भान आहे, याची ती खूण होती. तिचे जेवण, झोप, बाजारहाट यांविषयी विचारले. सगळे मंदावलेले होते, पण चालू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणानुसार लांबलेल्या शोकाचे निदान किमान सहा महिन्यांनंतर, आणि तेही त्या समाजाच्या रीतीपलीकडे दुःख टिकून रोजचे जगणे कोलमडले असेल तरच केले जाते. मरणाची भाषा कानी आली, तर मात्र महिने मोजत बसू नये. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला गाठावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

मग मी शेजाऱ्यांविषयी विचारले, आणि मुलीला रडू आले. सुतकात शेजाऱ्यांनी त्या घरात गॅस पेटू दिला नव्हता. पिठलं-भाताचे डबे न सांगता येत होते. दहाव्याला बाणगंगेवर कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा समोरच्या खोलीतले काका हात जोडून म्हणाले होते, ‘भाऊ, वहिनींची काळजी करू नका, आम्ही आहोत.’ तेरावे झाले आणि चाळीत वडिलांचे नावच कोणी काढेनासे झाले. वहिनींना रडू येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू, पण त्या मायेपोटीच आई एकटी पडली होती. आपल्या रीतींना दुःखाची फार चांगली जाण आहे, असे मला मनापासून वाटते. पहिल्या दिवाळीला फराळ घेऊन माणसे येतातही. तेराव्यापासून तिथपर्यंतचे साधे दिवस मात्र कोणाच्याच वाट्याला दिलेले नसतात.

मी आईला बोलावले नाही. मुलीला त्या काकांकडे पाठवले आणि भाऊंचे नाव मोकळेपणाने घ्या, एवढेच सांगायला सुचवले.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. स्वतःचे पाणी भरताना काकांनी आईचेही पिंप भरले होते. ‘भाऊ अगदी सांडेपर्यंत भरायचे,’ ते म्हणाले. आई हसली, मग दाराच्या चौकटीला टेकून बराच वेळ रडली आणि म्हणाली, ‘रोज ओरडायचे मी त्यांना त्यावरून.’